ओल्या वाळूचा भरवसा

ईदच्या सुट्टीत माहेरी गेले होते. संध्याकाळी मुलांना घेऊन समुद्रावर गेलो. आम्ही बहिणी बोलत बसलो आणि तासाभराने पाहते तो बहिणीच्या मुलाने कमरेइतका खड्डा खणलेला! आत उतरून तो आडवा बोगदा काढत होता. मी हात धरून त्याला वर ओढले. तो रुसला. "खाला, बघा ना, भिंत किती पक्की आहे! हात मारला तरी पडत नाही."

भिंत पक्की होती, हे खरेच. पण ती कशाच्या जोरावर उभी होती?

कोरडी वाळू मुठीतून निसटते. ती थोडी भिजली की दोन कणांमधल्या फटीत पाण्याचा इवलासा पूल तयार होतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. पुलाच्या कडा आत वळतात, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दोन्ही कण एकमेकांकडे ओढले जातात. शाळेत शिकलेल्या केशाकर्षणाचेच हे भावंड. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल, गुळगुळीत कणांचा हिशेब केला तर ही ओढ एका कणाच्या वजनाच्या सुमारे साठपट भरते. खऱ्या खडबडीत वाळूत ती कमी असते, तरी किल्ला उभा राहायला पुरते.

यासाठी पाणी फार लागत नाही. २०१२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी वाळूचे मनोरे उभारून पाहिले. आकारमानाच्या अवघे एक टक्का पाणी असताना वाळू सर्वांत मजबूत ठरली.

धोका इथेच आहे. ऊन-वाऱ्याने भिंत सुकली की पूल नाहीसे होतात. उलट लाट आत शिरली, की सगळ्या फटी पाण्याने भरतात आणि पूल उरतच नाहीत. काठावर कुणी पाय दिला तरी पुरे. भिंत आधी इशारा देत नाही, एकदम बसते. दहा लिटरची बादली ओल्या वाळूने भरली तर सतरा-अठरा किलो होते. अशा कित्येक बादल्या छातीवर पडल्या तर मुलाला श्वास घेता येत नाही.

म्हणून आमच्या घरी आता नियम ठरला आहे. खड्डा सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याइतकाच. बोगदा मुळीच नाही. मोठे माणूस जवळ हवे. कुणी गाडले गेलेच तर लगेच आरडाओरडा करून माणसे जमवावीत, ११२ ला फोन लावावा आणि हातांनी वाळू उपसून आधी तोंड व छाती मोकळी करावी.

घरी निघताना भाच्याला खड्डा बुजवायला लावला. अंधारात कुणाचा पाय पडू नये म्हणून. तो कुरकुरत होता. अर्धा खड्डा भरला तोच उरलेली भिंत आपोआप खाली बसली. तो माझ्याकडे पाहत राहिला. मला काही बोलावे लागले नाही.