विश्लेषण : एकट्याने, स्वस्तात कोकण... तिकीट परवडते, मग खिसा कुठे रिकामा होतो?

मुंबईहून सावंतवाडीपर्यंत रेल्वेचे जनरल तिकीट अडीचशे रुपयांच्या आत मिळते. मात्र स्टेशनवर उतरल्यावर किनाऱ्यावरच्या गावी जायला स्पेशल रिक्षा करावी लागली, तर पाचशे किलोमीटरच्या रेल्वे तिकिटापेक्षा तीस किलोमीटरची रिक्षा महाग पडते. चौघांच्या कुटुंबात हा खर्च वाटला जातो. एकट्या प्रवाशाला तो पूर्ण सोसावा लागतो. पाठीवर बॅग टाकून सार्वजनिक वाहनांनी एकट्याने कोकण फिरणाऱ्यांची हौस इथेच अडते. हे असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेऊ या.

करी रोडहून निघायचे कुठून?

करी रोड, लालबाग, परळ या पट्ट्याला एकट्याने कोकणात जाणे नवीन नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा खानावळीत जेवणारा, दहा-बारा जणांसोबत एका खोलीत राहणारा गिरणी कामगार गावी एकटाच ये-जा करायचा. त्याला कोणी सोलो ट्रॅव्हलर म्हटले नाही, एवढेच. त्याचा नातू आज सुट्टी टाकून मालवण किंवा गुहागरला निघतो तेव्हा त्याच्यासमोर तीन दरवाजे असतात. दोन स्टेशनांवर दादर, उलट दिशेला सीएसएमटी आणि परळ किंवा मुंबई सेंट्रलचे एसटी आगार.

दादरहून रात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीपर्यंत जाते. या गाडीची वेळ रात्री बारा वाजून पाच मिनिटांची आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर आरक्षण शनिवारच्या तारखेचे हवे. ही तारखेची गल्लत दरवर्षी कित्येकांना फलाटावरून घरी पाठवते. कोकणकन्या सीएसएमटीहून सुटते. जनरल डब्यात बसायला जागा हवी असेल तर दादरला चढण्याऐवजी उलटे सीएसएमटीला जाण्याची जुनी युक्ती अजूनही चालते. एकट्या माणसासाठी ती युक्ती नव्हे, गरज असते, कारण त्याच्यासाठी जागा धरून ठेवायला सोबत कोणी नसते.

सगळ्यात स्वस्त गाडी मात्र मध्य मुंबईच्या हातून गेली आहे. करोनापूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर टाळेबंदीत बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली ती दिव्याहून. ती दादरहून सोडावी ही कोकणातील प्रवासी संघटनांची मागणी तेव्हापासून कायम आहे. करी रोडच्या प्रवाशाने आता सामान घेऊन धीम्या लोकलने दिवा गाठायचे आणि तिथे आधीच भरलेल्या फलाटावर उभे राहायचे. तिकिटात वाचलेले पैसे वेळेत आणि दमछाकीत जातात.

शंभर किलोमीटरचे भाडे एकशेचाळीसचे

कोकण रेल्वेचे भाडे देशातल्या इतर मार्गांसारखेच असेल असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी प्रत्यक्ष अंतर 40 टक्क्यांनी वाढवून धरले जाते. कोकण रेल्वेच्या हद्दीत 400 किलोमीटर प्रवास केला तर तिकीट 560 किलोमीटरचे लागते. डोंगर फोडून, कर्ज काढून बांधलेल्या मार्गाचा खर्च भरून काढण्यासाठी ही तरतूद झाली. मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण लांबीने सुरू झाला, म्हणजे आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. अधिभार कायम आहे.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याची चर्चा प्रवाशांना जवळची वाटते ती या कारणाने. मूळ भागभांडवलात महाराष्ट्राचा वाटा 22 टक्के होता. गोवा, कर्नाटक आणि केरळपाठोपाठ महाराष्ट्राने मे 2025 मध्ये विलीनीकरणाला संमती दिली. राज्याने गुंतवलेले सुमारे 396 कोटी रुपये परत मिळावेत आणि 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे, अशा अटी त्यात आहेत. अधिभार हटवण्याची अट त्या संमतीच्या केंद्रस्थानी नाही, हे लक्षात घेतलेले बरे.

स्टेशन गावापासून इतके लांब का?

खिशाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा हा मार्ग वेगवान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. त्यासाठी वळणे मोठ्या त्रिज्येची आणि चढ सौम्य हवे होते. कोकणातली जुनी गावे मात्र खाड्यांच्या काठाने आणि बंदरांभोवती वाढलेली. गावागावाला वळसे घेत जाणारी रेल्वे बांधली असती तर ती घाटातल्या एसटीसारखी चालली असती. म्हणून रूळ सह्याद्री आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यातून, बोगदे आणि पूल ओलांडत सरळ गेले. स्टेशने त्या रेषेवर जिथे सपाट जागा मिळाली तिथे आली.

परिणाम असा की कणकवली, कुडाळ, खेड अशी काही स्टेशने शहराला लागून आहेत, तर काहींच्या नावापुढचे 'रोड' हीच धोक्याची खूण आहे. सावंतवाडी रोड शहरापासून सात-आठ किलोमीटरवर मळगावात आहे. राजापूर रोड त्याहून बरेच लांब. रत्नागिरीचे स्टेशनही शहराबाहेर आहे आणि मुख्य एसटी स्थानक गाठायला वेगळे वाहन लागते. मार्ग अजून बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर या सुमारे 47 किलोमीटरच्या टप्प्याचेच दुहेरीकरण झाले. त्यामुळे पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी थांबावे लागते, गाडी तास-दीड तास उशिरा पोहोचते आणि बाहेर उभी असलेली एसटी तोवर निघून गेलेली असते. रेल्वे आणि एसटी या दोन यंत्रणांची वेळापत्रके एकमेकांना विचारून बनत नाहीत. कोकणातल्या सार्वजनिक प्रवासाचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे, आणि तो दूर करायला बोगदा खणावा लागत नाही.

एसटीचे गणित

एसटी भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. 25 जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे साधारण 10 रुपये पडतात. कुडाळ ते मालवण हे सुमारे तीस किलोमीटरचे अंतर म्हणजे पाच टप्पे, 50 रुपयांच्या आसपास. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट, म्हणजे पंचवीसेक रुपये. स्पेशल रिक्षाशी याची तुलनाच नको. प्रश्न फक्त ती बस कधी आहे हा असतो.

कोकणातल्या ग्रामीण फेऱ्या शाळा, कचेरी आणि बाजार यांच्या वेळेवर बेतलेल्या असतात. मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी गावाला तालुक्याकडे आणते. गाववाल्याला हे सोयीचे आहे. पाहुण्याला उलटे लागते. तो सकाळी तालुक्याला उतरतो आणि त्याला गावाकडे जायचे असते. संध्याकाळची मुक्कामी गाडी चुकली तर त्या दिवसापुरता विषय संपला. म्हणून एकट्याने फिरताना मुक्काम किनाऱ्यावरच्या छोट्या वाडीत करण्यापेक्षा मालवण, दापोली, गुहागर अशा आगार असलेल्या गावी करावा आणि तिथून दिवसाच्या फेरीने वाडी पाहून यावे, हे व्यवहार्य ठरते. खोलीचे भाडे बहुतेक ठिकाणी दोघांचे धरलेले असते. एकटा माणूस दुसऱ्या रिकाम्या खाटेचेही पैसे देतो, आणि तालुक्याच्या गावी लॉजच्या दरात घासाघीस करायला निदान चार पर्याय असतात.

स्थानकावर गेल्यावर फलकापेक्षा चौकशी खिडकीवर विश्वास ठेवावा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाण्यापूर्वी विचारावी, पोहोचल्यावर नव्हे.

'आवडेल तेथे प्रवास' पास घ्यावा का?

एसटीचा हा पास चार किंवा सात दिवसांचा असतो. समाजमाध्यमांवर तो स्वस्त भटकंतीची गुरुकिल्ली म्हणून फिरतो. कोकणात तो प्रत्येकाला परवडेलच असे नाही. गणित सोपे आहे. पासच्या किमतीला दहाने भागून सहाने गुणले की किती किलोमीटर फिरल्यावर पैसे वसूल होतील ते कळते. 1,200 रुपयांमागे 720 किलोमीटर. मुंबईहून जाणे-येणेही एसटीने केले तर हा आकडा सहज ओलांडतो. रेल्वेने जाऊन चार दिवस मालवण-वेंगुर्ला-देवगड एवढेच फिरायचे असेल तर ओलांडत नाही. अर्ध्या तिकिटाची सवलत असलेल्या महिलांसाठी तर लागणारे अंतर दुप्पट होते. त्यांनी पासच्या फंदात न पडलेले बरे.

लांबच्या प्रवासासाठी आणखी एक सवलत आहे, तिची जाहिरात कमी झाली. 150 किलोमीटरहून अधिक अंतराचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकिटाच्या प्रवाशांना 1 जुलै 2025 पासून 15 टक्के सूट लागू झाली. दिवाळी आणि गणपतीचा हंगाम त्यातून वगळला आहे. अर्थात, करी रोडच्या माणसाला नेमके तेव्हाच जायचे असते! हंगामात खासगी बसचे दर भडकतात तेव्हा आठवण ठेवावी की राज्य सरकारच्या 2018 च्या निर्णयानुसार हे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार करायची तर तिकीट जपून ठेवावे लागते, आणि पुष्कळदा ते दिलेच जात नाही.

ज्येष्ठ आणि एकट्या महिला

रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडे सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली. एसटीत 65 ते 75 वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे लालबागच्या चाळीतले 76 वर्षांचे निवृत्त गिरणी कामगार गावी निघाले तर एसटीने एक रुपया लागत नाही. पण 2011 पासून रुंदीकरणात अडकलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर त्यांना रात्रभर बसून जावे लागते. रेल्वेत झोपून जाता येते, तिथे पूर्ण भाडे. सवलत एका वाहनात आणि सोय दुसऱ्यात, अशी ही विभागणी आहे.

एकट्या महिलेचा हिशेब वेगळाच. रात्रीच्या गाड्या अनेक स्टेशनांवर पहाटे उजाडण्यापूर्वी उतरवतात. पहिली एसटी येईपर्यंत स्थानकात थांबावे लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या बसमध्ये तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर आगारांतील दिवे, सीसीटीव्ही आणि सुरक्षारक्षक यांची चर्चा झाली. ती शहरी आगारांभोवतीच जास्त फिरली. तालुक्याच्या स्थानकात पहाटे साडेचारला काय परिस्थिती असते, हा प्रश्न मागेच राहिला. ज्यांना शक्य आहे त्या मग सकाळची मांडवी किंवा जनशताब्दी पकडून दिवसाउजेडी उतरतात आणि त्यासाठी रजेचा एक दिवस जास्त खर्च करतात. हा दिवस कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

पुढे गोव्याला जायचे असेल तर आणखी एक बारकावा आहे. एसटीची महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. पणजीला जाणाऱ्या बसमध्येही बांद्यानंतर हद्द ओलांडली की उरलेल्या अंतराचे पूर्ण तिकीट द्यावे लागते.