ठराव पुरे झाले, एक वाक्य सांगा!



१४ एप्रिलच्या आधी वस्तीत वाटले गेलेले एखादे पत्रक घरात शिल्लक असेल, तर ते काढा आणि शांतपणे वाचा. वर निमंत्रकांची नावे, त्याखाली स्वागतोत्सुकांची नावे, त्याखाली छायाचित्रांची रांग, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत मागण्या. शिष्यवृत्ती वाढवा, अनुशेष भरा, गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करा, विहाराला जागा द्या, अत्याचाराचे खटले त्वरित चालवा, चौकाला नाव द्या, कमानीला परवानगी द्या. यांतील एकही मागणी खोटी नाही. काही तर आपल्या मुलाबाळांच्या जगण्यामरण्याच्या आहेत. परंतु त्या रात्री सभा संपवून घरी परतणाऱ्या माउलीला विचारून पाहा की, आज काय ठरले? ती वक्त्यांची नावे सांगेल, गर्दी किती होती ते सांगेल, कोणाचा आवाज बसला होता तेही सांगेल. काय ठरले, ते मात्र तिला सांगता येणार नाही. हा दोष तिचा नव्हे. ज्यांनी तिला एका दमात वीस गोष्टी सांगितल्या, त्यांनी वस्तुतः तिला काहीच सांगितले नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, समाजाला हलवावयाचे असेल तर त्याच्या हाती एका वेळी एकच विचार द्यावा, आणि तो असा द्यावा की निरक्षर माणसालाही तो शेजारच्या गावात जाऊन जसाच्या तसा सांगता यावा. ही कल्पना आम्ही कोठून उसनी आणलेली नाही. ती आपल्याच चळवळीच्या इतिहासात जागोजाग लिहिलेली आहे. आपण ती वाचावयाचे सोडून दिले आहे.

महाडचेच घ्या. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ साली ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव उत्तम होता. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पुढे काय झाले? काहीही झाले नाही. कागद दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली, तेव्हा तीतही ठराव एकच झाला असे नाही. मृत मांस सोडण्यापासून शिक्षणापर्यंत अनेक गोष्टी तेथे बोलल्या गेल्या. परंतु २० मार्च रोजी बाबासाहेब मंडपातून उठून तळ्याकडे चालू लागले, ओंजळीने पाणी प्याले, आणि त्या सर्व ठरावांचे एक वाक्य झाले: हे पाणी आमचेही आहे. कोकणातल्या डोंगरवाडीवर राहणाऱ्या, आयुष्यात एक अक्षर न गिरवलेल्या बाईला ते वाक्य समजावून सांगावे लागले नाही. विरोधकांनाही ते तत्काळ समजले. म्हणून तर त्यांनी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालवल्या आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. बोल्यांच्या ठरावावर कोणी घागर ओतली नव्हती!

येथे आमचे काही सुशिक्षित मित्र हसतील. ते म्हणतात, प्रश्न गुंतागुंतीचे आहेत. त्यांना एका वाक्यात कोंबणे हा बालिशपणा आहे. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, गुंतागुंत बाबासाहेबांना कळत नव्हती काय? रुपयाच्या प्रश्नावर ज्यांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला, त्यांना पाण्याच्या प्रश्नावर एक प्रबंध लिहिणे अवघड होते काय? त्यांनी गुंतागुंत टाळली नाही. ती स्वतःच्या शिरावर घेतली. तळ्याचा दावा त्यांनी दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. साक्षी, कागदपत्रे, मालकीहक्काचा कीस, सारे काही कोर्टात झाले. लोकांच्या हाती मात्र त्यांनी ओंजळभर पाणी दिले. आज आपले विद्वान याच्या नेमके उलट करतात. गुंतागुंत लोकांच्या अंगावर टाकतात आणि स्वतः व्यासपीठावरून उतरून मोटारीत बसतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो श्रद्धावान माणसांकडून येतो. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा एक दिली नाही, बावीस दिल्या. मग एकाच वाक्याचा हट्ट कशासाठी? बंधूंनो, क्रम पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा होता की, हिंदू म्हणून जन्मास येणे माझ्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणे मी नाकारीन. कोणता धर्म घ्यावयाचा, हे त्या दिवशी त्यांनी सांगितले नाही. विधी कोणता, वेष कोणता, सण कोणते, लग्ने कशी लावावयाची, यांतले काहीही नाही. फक्त एक वाक्य. ते वाक्य एकवीस वर्षे या समाजात फिरले. गिरणीतल्या साच्यापाशी, रेल्वेच्या चाळीत, लष्कराच्या छावणीत, गावकुसाबाहेरच्या चावडीवर त्यावर वाद झाले. बाप आणि मुलगा त्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर लाखोंचा जनसमुदाय उभा होता, तो त्या एका वाक्याने उभा केला होता. बावीस प्रतिज्ञा उंबरठा ओलांडून आत आलेल्यांना दिल्या गेल्या. त्या घरात कसे राहावयाचे ते सांगतात. माणसाला घरापर्यंत आणले ते येवल्याच्या वाक्याने. आपण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती प्रतिज्ञांची यादी देतो आणि तो आत का येत नाही म्हणून कुरकुरतो.

नामांतराचा लढाही आठवा. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्या, एवढीच मागणी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे पेटली, माणसे मारली गेली. नाव बदलण्याचा दिवस उजाडला तो १४ जानेवारी १९९४ ला, तोही विस्ताराच्या रूपाने, 'मराठवाडा' हा शब्द मागे ठेवून. नावाने पोट भरते काय, असे त्या काळी पुष्कळांनी विचारले. पोट भरत नाही, हे खरे आहे. पण ज्याचे घर जळाले त्याला आपले घर कशासाठी जळाले, हे एका वाक्यात सांगता येत होते. म्हणून सोळा वर्षे लोक मागे हटले नाहीत. तुमच्या वीस मागण्यांच्या पत्रकासाठी सोळा दिवस तरी कोणी उभे राहील काय?

आता आजचे बोलतो, कारण जुन्या लढ्यांच्या आठवणींवर जगणे हीही एक प्रकारची झोपच आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून देशाची जनगणना ठरली आहे, आणि स्वतंत्र भारताच्या जनगणनेत प्रथमच सर्व जातींची नोंद तीत होणार आहे. हा प्रसंग आपल्यासाठी साधा नाही. १९५१ साली, आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत, बौद्ध म्हणून नोंदलेले लोक काही हजारांच्या घरातच होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. या आकड्याकडे आकडा म्हणून पाहू नका. त्या वेळी अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू आणि शीख यांनाच स्थान होते. बौद्ध लिहिणाऱ्याच्या हातून केंद्राच्या सवलती जात होत्या. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्या अखत्यारीतल्या सवलती पुढे चालू ठेवल्या खऱ्या. परंतु टपालात, रेल्वेत, केंद्राच्या कचेरीत नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या बापाला 'बौद्ध' हा शब्द काय किमतीचा आहे, हे पुरते ठाऊक होते. तरी त्याने तो लिहवला. आदेश दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी एका शब्दाचे मोल भरले.

आज ते मोल भरावे लागत नाही. आणि आज आपण काय करतो? २०११ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या वर नोंदली गेली. विहारात येणारी, पंचशील म्हणणारी, दीक्षाभूमीला जाणारी सर्व कुटुंबे तीत आली, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? कोणी भीतीने, कोणी आळसाने, कोणी 'बौद्ध लिहिले तर दाखला जाईल' या जुन्या अफवेने दुसरेच काही लिहवले. ही अफवा १९९० पासून मेलेली आहे; पण मेलेल्या अफवा आपल्या वस्त्यांत फार दिवस चालतात. त्याच २०११ च्या गणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींपैकी ५० लाखांहून अधिक लोक धर्माने बौद्ध म्हणून नोंदले गेले आहेत. त्यांचा दाखला कोणी काढून घेतला?

यावर उपाय सोपा होता. परंतु आमच्या कार्यकर्त्यांनी तोही अवघड केला आहे. कोणी म्हणतो, जातीच्या प्रश्नालाही बौद्ध सांगा. कोणी म्हणतो, जात सांगूच नका. कोणी म्हणतो, ज्ञात भाषांत पाली सांगा. ऐकणारा बिचारा गोंधळून, दारात आलेल्या शिक्षकाला म्हणतो, गुरुजी, तुम्हीच काय ते लिहा! आणि गुरुजी लिहितात.

म्हणून आमची विनंती आहे की, या जनगणनेपुरते वस्तीवस्तीत एकच वाक्य जावे: आमचा धर्म बौद्ध. पत्रकावर एवढेच मोठ्या अक्षरांत छापा. छायाचित्रे नकोत, निमंत्रक नकोत. जातीच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या दाखल्यावर आहे. अनुसूचीत जे नाव आहे तेच सांगावे, कारण 'बौद्ध' ही अनुसूचीतली जात नाही, आणि लोकसभेतल्या व विधानसभेतल्या राखीव जागांचे प्रमाण अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवरून ठरते. जातीचा अंत व्हावा असे आम्हांसही वाटते. पण रकाना रिकामा ठेवल्याने जात मरत नाही, जागा मात्र कमी होतात. हा भाग घरोघर बसून, दाखला समोर ठेवून समजावण्याचा आहे. तो सभेत ओरडून सांगण्याचा नाही, आणि त्या एका वाक्यात मिसळण्याचा तर मुळीच नाही.

तुम्ही अलीकडेच दीक्षा घेतली असेल, तर तुमच्यावर हे काम अधिक आहे. तुमच्या घरात अजून जुने देव्हारे नुकतेच हलले आहेत. सासूबाईंना नवे शब्द जड जातात. धाकट्या भावाने दीक्षा घेतलेली नाही. अशा घरी प्रगणक येईल तेव्हा दारात कोण असेल, याचा विचार आजच करा. बहुधा तुम्ही कामावर असाल आणि दार उघडेल ती घरातली म्हातारी. तिला त्रिपिटक सांगू नका, कलमे सांगू नका. ते एक वाक्य तिच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. लिहिलेले वाचून दाखवा अशी विनंती प्रगणकाला करावी, हेही तिला सांगा. मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय यावेळी आहे. घरात शिकलेला मुलगा वा मुलगी असेल तर ती भरणी त्यांच्या हातून, सर्वांनी भोवती बसून करावी, आणि धर्माच्या प्रश्नाशी आल्यावर उत्तर आजीने द्यावे.