साखळीतला एकच डायोड बदलू नका

हौसेने रेडिओचे अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या आणि जुने व्हॉल्व्हचे सेट जिवंत ठेवणाऱ्या मित्रांनो, एक कळकळीची विनंती आहे. हाय व्होल्टेज सप्लायमध्ये सिरीजमधला एक डायोड उडाला, तर तेवढाच बदलून बटण दाबू नका. ती अख्खी ओळ बदला.

डायोड बहुधा शॉर्ट होऊन मरतो. सप्लाय चालूच राहतो, म्हणून कळतही नाही. पण चौघांचे ओझे आता तिघांवर आलेले असते. पुढे दुसरा जातो आणि मग उरलेले एका क्षणात. त्यांच्यासोबत कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि तो पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च किती येतो हे ज्याने केला त्याला विचारा. चार चहांच्या पैशांत १ एन ४००७ ची नवी ओळ येते.

किती डायोड लावायचे याचा हिशेब आधी कागदावर करा. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी १००० व्होल्टची आणि डायोडही १००० व्होल्टचा, म्हणजे जमले, असे पुष्कळ जण समजतात. ते चूक आहे. १००० व्होल्ट एसीचे शिखर १४१४ व्होल्ट असते. ब्रिजच्या प्रत्येक बाजूला तेवढा उलटा व्होल्टेज सोसावा लागतो. एकाच बाजूच्या, म्हणजे हाफ-वेव्ह रेक्टिफायरला पुढे कपॅसिटर असेल, तर २८२८. ब्रिजच्या दर बाजूला दोन डायोड कागदावर पुरतात. मी मात्र चार लावतो. रात्री शेतातले पंप बंद झाले की लाइन वर चढते, शिवाय वीज कडाडली की झटके येतात ते वेगळेच.

ओझे सगळ्यांवर सारखे पडेल असेही धरू नका. ज्याची उलटी गळती सर्वांत कमी, त्याच्यावर सर्वांत जास्त व्होल्टेज येतो. म्हणून प्रत्येक डायोडला समांतर रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायची जुनी पद्धत आहे. आजचे एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे डायोड भरपूर राखीव ठेवून वापरले, तर बरेच जाणकार हे टाळतात, आणि मला ते पटते. पण डब्यातून निवडून वेगवेगळे डायोड जोडू नका. रेझिस्टर लावायचेच असतील, तर त्यांची व्होल्टेज सोसण्याची मर्यादाही बघा. पाव वॉटचा साधा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. वरच्या उदाहरणात एका डायोडवर ३५० च्या आसपास येतात, तेव्हा २२० किलोओहमचे अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. मल्टिमीटरवर डायोड चांगला दिसला म्हणजे तो १००० व्होल्ट सोसेल असेही नाही; मीटर त्याला जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. १४१४ व्होल्टवर भरलेल्या ३२ मायक्रोफॅरडमध्ये ३२ जूल साठलेले असतात. ते छातीतून गेले तर माणूस जातो. १०० किलोओहमचा ब्लीडर हा साठा दहा-बारा सेकंदांत ५० व्होल्टच्या खाली आणतो, पण त्यात २० वॉट जळतात, म्हणून तो ५० वॉटचा तारेचा घ्या. आणि त्याच्या भरवशावर हात घालू नका, तो आतून तुटलेला असू शकतो. साधा मल्टिमीटरही इथे लावू नका, तो १००० व्होल्टपर्यंतचाच असतो. घरात कुणीतरी जागे असतानाच काम करा. प्लग उपसून बाजूला ठेवा, मिनिटभर थांबा. लांब, कोरड्या, इन्सुलेटेड काठीला बांधलेल्या रेझिस्टरमधून कपॅसिटर चेसिसला रिकामा करा, मग सरळ तारेने. काम संपेपर्यंत ती तार तिथेच अडकवून ठेवा.