जुन्नरला जाताना : एसटी की भाड्याची गाडी?

जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. मुलांना दाखवावी अशीच. जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. मग पुण्याहून एसटीने जावे की भाड्याच्या गाडीने? एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. त्यांचे आधार कार्ड सोबत ठेवा. पण सौदागर गुंबद, नाणेघाट आणि आंबेगावचे डिंभे धरण एकमेकांपासून लांब. एसटीच्या वेळा पाहत नमाज, जेवण आणि दादीजानचे गुडघे सांभाळणे कठीण. म्हणून जुन्नरपर्यंत एसटीने जा, पुढे दिवसभरासाठी तिथलीच गाडी ठरवा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारा. वडीलधाऱ्यांना घरी ठेवून पैसे वाचवणे ही बचत नव्हे.