माळ्यावर पडलेले गाणे

रत्नागिरीच्या गाण्याचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत आटोपतो. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी येथे नाटके लिहिली. त्यांतले ‘संन्यस्त खड्ग’ दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले आणि त्याच्या चाली गवई वझेबुवांच्या. हे सारे ग्रंथांत नोंदलेले आहे. पण गावात पेटीला कोण बसे, तबल्याला कोण, तिकीट किती आण्यांचे, हे सांगणारे कागद अजून जुन्या घरांच्या माळ्यावर आहेत: नाटकांची हस्तपत्रके, उत्सवांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकांचे अंक.

असले हस्तपत्रक नीट वाचण्यासारखे असते. वर ठळक टाइपात नाटकाचे नाव, खाली ‘रात्रौ ९॥ वाजता’, मग दर, स्त्रियांसाठी वेगळी सोय, तळाला छापखाना. वार आणि तारीख असते, साल पुष्कळदा नसतेच. ज्यांच्या हातात ते पडणार त्यांना सांगायची गरज काय? आज मात्र वार-तारखेचा मेळ घालून, साप्ताहिकातली जाहिरात शोधून साल ठरवावे लागते. म्हणून पत्रके एकीकडे आणि अंक दुसरीकडे असून भागणार नाही. पावसाळ्यात बोटी बंद असत, बाहेरच्या मंडळ्यांचे येणे थांबे, तेव्हा श्रावण-भाद्रपदात गावची हौशी मंडळी काय गात-वाजवीत होती, याचा पत्ताही लागला तर या कागदांतूनच लागेल.

कोकणातली दमट हवा आणि वाळवी कोणासाठी थांबत नाहीत. त्यात जुनी घरे पाडून इमारती उठताहेत आणि घर रिकामे करताना पहिली रद्दीत जातात ती हीच बाडे. रत्नागिरीत १८२८ पासूनचे नगर वाचनालय आहे, संगीत नाटक जिवंत ठेवणारी ‘खल्वायन’ आहे, थिबा राजवाड्यात संगीत महोत्सव भरवणारे ‘आर्ट सर्कल’ आहे. या तिघांनी एकत्र यावे. महोत्सवाच्या आवारात एक टेबल, एक स्कॅनर आणि दोन जाणती माणसे बसवावीत. लोकांनी कागद आणावेत, प्रत देऊन मूळ कागद घरी न्यावा. कोणाच्या घरातला, कोणत्या वाडीतला, ही नोंद प्रतीसोबत हवीच. आणि तोवर घरच्यांनी एवढे पाळावे: फाटलेल्या पत्रकाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये.