दोष सांगण्याची रीत

पुण्याच्या मार्केट यार्डात मालाची गाडी रिती करून पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसलेल्या चार हमालांचे एक छायाचित्र परवा एका तरुण परिचिताने माझ्यासमोर ठेवले आणि ‘मोकळेपणाने सांगा’ अशी विनंती केली. तो पेशाने छायाचित्रकार नाही. कचेरीतील नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात कॅमेरा घेऊन हिंडणारा हौशी माणूस आहे. आजवर त्याच्या वाट्याला आप्तेष्टांचे ‘फारच छान’ आणि एका जाणकार गृहस्थांचे ‘मुद्दाम बसवून घेतलेले, म्हणून कृत्रिम’ असे दोनच अभिप्राय आले होते. यांपैकी कोणताही मनात धरून तो पुन्हा यार्डात गेला असता, तरी तेथे नेमके काय निराळे करावयाचे याचा उलगडा त्याला झाला नसता. आणि माझ्या मते सांगितलेला दोष पुढच्या खेपेस त्याच जागी उभे राहून दूर करता यावा, हीच अभिप्रायाची खरी कसोटी होय.

कृत्रिमतेचा आक्षेप तर मला मुळातच अमान्य आहे. अमेरिकेतील बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला कॅमेऱ्याने पुरावा पुरविणाऱ्या लुइस हाइन यांचे, वाफेच्या पंपापुढे पाना घेऊन वाकलेल्या यंत्रकामगाराचे १९२० मधील प्रसिद्ध छायाचित्र योजनापूर्वक रचलेले आहे. जर्मनीत ऑगस्ट झांडर यांनी १९२८ मध्ये टिपलेला, विटांची रास खांद्यांवर पेलून सरळ आपल्याकडे पाहणारा मजूर तर कॅमेऱ्यासाठी थांबलेलाच आहे, आणि तरीही त्याच्या मुद्रेत जी स्थिर प्रतिष्ठा आहे ती नकळत टिपलेल्या चित्रांत क्वचितच आढळते. झांडर यांचे ६० व्यक्तिचित्रांचे पुस्तक १९२९ साली निघाले आणि पुढे नाझी राजवटीने त्याचे ठसे नष्ट केले. सत्तेला खुपेल असे काहीतरी त्या थांबलेल्या चेहऱ्यांत निश्चित होते.

गुण मी आधी सांगितले, ते शिष्टाचार म्हणून नव्हे. सर्वांत वयस्क हमालाची निःसंकोच नजर आणि खांद्यांवर बसलेली बारदानाची धूळ या गोष्टी नावानिशी दाखविल्या नसत्या, तर दोष सुधारण्याच्या भरात त्याने पुढच्या वेळी त्याच गमावल्या असत्या. मग दोष. हमाल जमिनीवर आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांशी, त्यामुळे पाहणारा नकळत त्यांच्याकडे वरून पाहू लागतो. गुडघा टेकला असता तर हा भेद मिटला असता. माथ्यावरच्या उन्हाने टोप्यांच्या छायेत तिघांचे डोळे बुडाले आहेत; तीच माणसे गाळ्याच्या दारात दोन हात आत सरकली असती, तर बाजूने येणाऱ्या मृदू प्रकाशात ते उजळले असते. आणि उजवीकडच्या हमालाचे, पोते उचलण्याचा लोखंडी आकडा धरलेले हात चौकटीच्या कडेने तोडले आहेत, ही कसूर मला सर्वांत जिव्हारी लागली. कारण आयुष्यभर ओझे वाहिलेल्या माणसाची अर्धी कैफियत त्याच्या हातांवर असते.

एक गोष्ट मात्र मी भीडमुर्वत न ठेवता सांगितली. संगणकावर काळेपणा वाढवून त्याने सुरकुत्या अधिक खोल केल्या होत्या, जेणेकरून दैन्य उठून दिसावे. ज्या शहरात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली, आणि ज्या राज्यात श्रमिकांच्या संघटित लढ्यामुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेथील हमाल हे दयेचे अर्जदार नव्हेत. त्यांच्या मुद्रेवर नसलेली केविलवाणी छटा तिच्यावर चढविण्याची मुभा कोणाही छायाचित्रकाराला नाही.

त्या चौघांना छायाचित्राची प्रत दिली का, असे मी शेवटी विचारले. ती दिलेली नव्हती. ती आधी नेऊन द्यावी, ती हातात घेऊन ते काय म्हणतात ते नीट ऐकावे आणि मगच पुढचे चित्र घेऊन माझ्याकडे यावे, एवढी विनंती मी त्याला केली आहे.