अनुबोधपटातील फुटबॉलपटू: ‘मी’ नेमका कोणाचा?

व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जीवनावरील अनुबोधपटांना आत्मचरित्राचा नवा रूपबंध मानून त्यांचे स्वागत करण्याकडे समीक्षकांचा कल वाढत चालला आहे. खेळाडू स्वतः बोलतो, कॅमेऱ्याला घरात घेतो, दुखावलेला गुडघा दाखवतो, प्रसंगी रडतो. सबब ही संहिता प्रामाणिक आहे, असा हा युक्तिवाद. दलित आत्मकथनांच्या निमित्ताने मराठी समीक्षेने अनुभवाच्या प्रामाणिकतेचा जो निकष मोठ्या वादांतून कमावला, तोच येथे बिनदिक्कत लावला जातो. त्या आत्मकथनांत बोलण्याची किंमत बोलणाऱ्याने मोजली होती, आणि येथे ती त्याला मिळते, एवढा साधा भेदही लक्षात घेतला जाऊ नये, हे आश्चर्यच.

लेखक, निवेदक आणि नायक यांच्या नावाची एकता हा आत्मचरित्राचा वाचकाशी झालेला करार होय, असे प्रतिपादन फिलीप लजून यांनी 1975 मध्ये केले. फुटबॉलपटूच्या अनुबोधपटात ही एकता दिसते खरी. पण ती कोठून येते? 2023 च्या ‘बेकहॅम’ या मालिकेची निर्मिती ज्या ‘स्टुडिओ 99’ने केली, त्या संस्थेच्या संस्थापकांत स्वतः बेकहॅम आहे. म्हणजे लजून यांची एकता येथे पूर्ण होते; मात्र ती वाचकाशी झालेल्या कराराने नव्हे, तर व्यापारी मालकीने. 2018 च्या ‘ऑल ऑर नथिंग: मँचेस्टर सिटी’त तर निवेदनाचा आवाज बेन किंग्जले या अभिनेत्याचा आहे आणि कपडे बदलण्याच्या खोलीचे दार क्लबच्या संमतीनेच उघडते. या संहितेचा गर्भित लेखक खेळाडू नसून त्याचा मालक आहे. खेळाडूचे अश्रू खोटे असतात असे कोणी म्हणत नाही. ते कोणत्या वाक्यात बसवले जातात, हा प्रश्न आहे.

याचा अर्थ अनुबोधपट या प्रकारालाच मोडीत काढावे असा नव्हे. हेल्मुट कॉस्टार्ड यांनी 1970 मध्ये एका सामन्यात केवळ जॉर्ज बेस्टवर कॅमेरे रोखले. डग्लस गॉर्डन आणि फिलीप पारेनो यांनी 2005 मध्ये झिदानवर सतरा कॅमेरे लावले. दोन्हींत कथानक नाही. वाट पाहणारे, थकणारे, मजुरी करणारे शरीर आहे. अश्विन कुमार यांच्या ‘इन्शाल्ला, फुटबॉल’मध्ये (2010) काश्मिरी तरुण खेळाडूची सारी कहाणी एका न मिळणाऱ्या पारपत्राभोवती फिरते. (रोलां बार्त यांनीही 1961 मध्ये क्रीडाविषयक एका चित्रपटासाठी निवेदन लिहिले होते, त्यांचा विषय मात्र खेळ हा होता, खेळाडूचे अंतरंग नव्हे.) हे चित्रपट खेळाडूकडे पाहतात, मालकपुरस्कृत अनुबोधपट खेळाडूला ‘घडवतो’.

हा प्रश्न दूरचा नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रूपनेच 2019 च्या नोव्हेंबरात मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा घेतला. या संघाचे घरचे मैदान 2016 पासून अंधेरीचे. महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातले. 2019 च्या 17 मार्चला याच मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला आणि 117 व्या मिनिटाला बंगळुरू एफसीच्या राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या गोलवर एफसी गोवा हरला. भेके मुंबईचा. अनुबोधपटाच्या लेखकाला यापुढे काही रचायचे उरतच नाही: आपले शहर, परक्या संघाचा सदरा, जादा वेळेतला गोल आणि पार्श्वसंगीत. पण मुंबईचा खेळाडू मुंबईत परक्या संघाचा सदरा घालतो तो श्रमाच्या बाजारातील एका करारामुळे. हा रूपबंध त्या कराराला नियती बनवतो. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे मिथकाचे कार्य आहे, हे बार्त यांचे विवेचन वर्गात शिकवणारेच या ठिकाणी भारावून जातात.

नियती वेतन थांबवत नाही, करार थांबवतो. प्रक्षेपण व व्यापारी हक्कांचा करार 2025 च्या डिसेंबरात संपणार होता, त्याचे नूतनीकरण झाले नव्हते. म्हणून जुलैमध्ये लीगचा पुढला हंगाम स्थगित झाला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. या अनुबोधपटांची कालरचना हंगामावर उभी असते: सराव, पराभव, दुखापत, पुनरागमन, करंडक. जो हंगाम वेळेवर सुरूच होत नाही, त्याला या व्याकरणात क्रियापद नाही.

व्यावसायिक लीगच्या आधी मुंबईचे फुटबॉल गिरण्या, रेल्वे, विमानकंपनी आणि कारखाने यांच्या संघांवर उभे होते. त्या खेळाडूला नोकरी होती, हजेरीपट होता. त्याची कथा नायकाची होण्याआधी कामगाराची होती. महिंद्र युनायटेड हा संघ 1962 मध्ये स्थापन झाला, 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि 2010 मध्ये बंद करण्यात आला. विजयाच्या वर्षावर आजही कोणी सहज एक भाग काढील. बंद होण्याच्या वर्षावर भाग काढायचा तर त्यासाठी पैसे कोणता मालक देईल, याचे उत्तर या अनुबोधपटांना आत्मचरित्र म्हणणाऱ्यांनी द्यावे.